पुण्याच्या लाईनवर कुमुद

दुपारचं जेवण झालं की मी आडवी होते ती फक्त पाठ टेकायला. झोपायला नाही. हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय, कारण भरदिवसा तोंड उघडं टाकून घोरत पडणाऱ्या बायका मला मुळीच आवडत नाहीत. आज मात्र पाठ टेकते न टेकते तोच पापण्या जड होतात. पंखा एकवर फिरतोय. गच्चीवर भावजयीच्या साड्या फडफडतायत. स्वयंपाकघरात ऋजुता ताटं विसळतेय आणि ताटांचा आवाज जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो. मग ताटं थांबतात आणि नळ तेवढा वाहत राहतो. मला ओरडायचंय, "अगं, नळ बंद कर आधी!" पण जीभ टाळूला चिकटलीय.

ऋजुता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्याला मानसशास्त्र शिकते आणि सुट्टीला आली की जे काही शिकली असेल ते आम्हाला जेवताना ऐकवते. आज म्हणाली, "आत्या, माणूस विसरतो ते सगळंच आपोआप विसरत नाही. काही वेळा मेंदू मुद्दाम विसरायला लावतो."

"म्हणजे माझा चष्मा मेंदूच लपवतो म्हण की."

"तसं नाही गं. समज, एखादी आठवण तुला नकोच आहे. ती वर यायला लागली की मेंदूचा हा पुढचा भाग," तिनं आमटीचं बोट कपाळाला लावलं, "आडवा हात घालतो. येऊच देत नाही. असं पुन्हा पुन्हा केलं की ती आठवण फिकी पडत जाते. पण गंमत पुढेच आहे. हात आडवा घातला की तिच्या आगेमागे जे काही घडलेलं असतं, तेही अडतं. ज्याचा काही संबंध नाही अशा साध्या, चांगल्या गोष्टीसुद्धा जातात."

"आणि मग त्या परत येत नाहीत?"

"काही येत असतील. पण त्यासाठी मधला हात काढायला हवा ना," असं म्हणत तिनं कोशिंबिरीचं भांडं बोटानं पुसून खाल्लं. पोरगी हुशार आहे, पण आपण कुणाच्या वर्मावर बोट ठेवलं हे तिला काय माहीत! हातातला घास मी ताटात परत ठेवला. पाणी पिऊन मी उठले.

कारण मला कुमुदचा आवाज आठवत नाही.

कुमुद वाळिंबे. आमच्या तालुक्याच्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अकरा वर्षं ती माझ्या डाव्या हाताला बसली. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे ट्रंक कॉल नोंदवायला लागायचा, आणि मग आम्ही तो तिकीट नावाच्या चिठ्ठीवर लिहून, बोर्डात कॉर्ड खुपसून लाईन जोडून द्यायचो. सगळा धंदाच आवाजाचा. त्यात कुमुदचा आवाज असा की कापडदुकानवाले शहा "त्या बाईंनाच द्या" म्हणून अडून बसायचे. हे मला माहीत आहे. पण ऐकू येत नाही. तिची घट्ट वेणी दिसते, गालावरचा तीळ दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज नाही.

सत्त्याऐंशी साली ती पोटातल्या गाठीनं गेली. पुण्याला भावाकडे राहून उपचार घ्यायचे म्हणून तिनं बदली मागून घेतली होती. पण गाठीचं मला बोलली नाही आणि बदलीचंही बोलली नाही. बदली मला कळली ती नोटीस बोर्डावरून, आणि गाठ कळली ती गेल्यावर. मधल्या काळात मी अबोला धरला होता. जायच्या आधी बारा दिवस तिनं पुण्याहून फोन केला. तो मीच घेतला आणि मीच तोडला. एवढंच मी स्वतःला माहीत ठेवलंय. बाकीचं वर यायला लागलं की मी आमच्या बोर्डावरच्या गावांची नावं ओळीनं म्हणते. कऱ्हाड, सातारा, मिरज, सांगली, विटा, इस्लामपूर. दोनदा म्हटली की डोकं साफ होतं. सदतीस वर्षांत हा उपाय एकदाही फसलेला नाही.

नळ अजून वाहतोय. पाणी जिन्यावरून खाली येतंय, आणि जिना आमच्या घरचा नाही. कठड्याला पोपटी ऑइलपेंट आहे. मी पाण्यातून पायऱ्या चढते आणि माझे पाय ओले होत नाहीत. वर बोर्डाची खोली. उंच खुर्च्या, भिंतीवर दोन मिनिटं पुढे असलेलं घड्याळ, खिडकीत मातीचा माठ. डावीकडच्या खुर्चीवर कुमुद बसलीय. ती तेव्हाचीच, तेहतीस वर्षांची. मी मात्र आत्ताची आहे, गुडघ्याला पट्टा लावलेली. माझ्याकडे बघून तिला काही वावगं वाटत नाही. ती सरकते आणि माझी खुर्ची पुढे ओढून देते.

ती काहीतरी बोलायला तोंड उघडते.

"आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या..."

"ए बाई, बंद कर ते!" मी ओरडते. ही मोबाइलमधली बया मला दिवसातून चार वेळा ऐकावी लागते, आणि दर वेळी वाटतं, हिला एक दिवस आमच्या बोर्डावर बसवायला हवं होतं. "हा कुणाचा आवाज लावलायस?"

कुमुद तोंड वाकडं करते. घसा खाकरते. पुन्हा तोंड उघडते आणि आता आमचे सुपरवायझर कदम साहेब बोलतात, "मिस माने, अक्षर जरा बरं काढा, तिकिटावर सातारा आहे का सांगली तेच कळत नाही!"

मला हसू आवरत नाही. कुमुदही हसते. खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी येतं, तोंडावर पदर धरते. अगदी तशीच. फक्त हसण्याचा आवाज नाही. मी हसायची थांबते.

"तुझा आवाज कुठे ठेवलास गं कुमे?"

ती डब्याची पिशवी उचलते.

आम्ही एक्स्चेंजच्या गच्चीवर आहोत. टाकीच्या सावलीत बसलोय. तिच्या डब्यात थालीपीठ आणि लोणी, माझ्या डब्यात भाकरी आणि खर्डा. कधी ठरवून नाही, पण पहिल्या दिवसापासून ती माझा डबा उघडते आणि मी तिचा. खर्ड्यानं तिच्या नाकाला पाणी सुटतं आणि तरी ती बोट चाटते. ऊन पायावर आलंय. मला आठवतंय की या उन्हात एकदा तो हुबळीवाला आला होता.

"हुबळीवाला!" मी म्हणते. "अगं, तो मला इतकी वर्षं कसा आठवला नाही?"

कुमुद भुवया उडवते. हुबळीचा एक ऑपरेटर होता. मिरजेची लाईन मोकळी असली की तिच्यावरून मराठी आणि कानडीची मिसळ करून कुमुदशी गप्पा मारायचा. आम्ही कुणी त्याला पाहिलेलं नाही. परगावचे ऑपरेटर म्हणजे आमचे रोजचे सोबती, पण तोंडं कुणाचीच ठाऊक नाहीत. कुमुद म्हणायची, हा काडीसारखा असणार. मी म्हणायचे, गोल गरगरीत. आणि एका दुपारी तो खरंच एसटीनं येऊन उभा राहिला, ताडमाड उंच, छातीशी छत्री आणि हातात धारवाडी पेढ्यांचा पुडा. "कुमुदबाई कोण?" असं त्यानं विचारल्यावर या बाईनं शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. मग तो बिचारा अर्धा तास माझ्याशी बोलत बसला, आणि जाताना म्हणाला, "बाई, तुमची तब्येत बरी नाही का? आवाजात पहिली मजा नाही." तो जिना उतरून गेल्यावर आम्ही दोघी बोर्डाखाली बसून हसलो होतो.

गच्चीवरच आता तो उभा आहे. छत्री उघडतोय. मला त्याला विचारायचंय की अहो, तुम्हाला तरी तिचा आवाज आठवतो का.

तेवढ्यात टाकीच्या पलीकडे लाल दिवा लागतो. बोर्ड इथे गच्चीवर आलाय, पाण्याच्या टाकीला टेकून उभा आहे, आणि त्याच्या एका कोपऱ्यात फोन आल्याचा दिवा पेटलाय. कुठल्या लाईनचा ते मला न वाचता कळतं.

"कऱ्हाड," मी म्हणते. "सातारा. मिरज."

दिवा मंद होतो. मला बरं वाटतं. मी वळून बघते तर हुबळीवाल्याच्या हातात छत्री नाही. "सांगली, विटा," मी घाईघाईनं पुढे म्हणते, आणि आता हुबळीवालाच नाही. गच्चीवर ऊन नुसतं पडलंय. कुमुदच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तिथे मोकळी बोटं आहेत. ती त्या बोटांकडे बघते, मग माझ्याकडे.

"मी नाही केलं हे," मी म्हणते.

मला राग येतो. अशी गप्प बसून बघत राहिली की मला नेहमीच राग यायचा.

"बघतेस काय? एवढं वाटत होतं तर जाताना सांगायला तोंड नव्हतं?"

आता आम्ही एसटी स्टँडवर आहोत. फलाटावर माणसं नाहीत. गाड्यांच्या वेळापत्रकाची पाटी आहे ती वाचायला मी चष्मा सावरते, तर त्यावर गाड्या नाहीत. तिथे टाइप केलेला कागद लावलाय. कु. कुमुद वाळिंबे, टेलिफोन ऑपरेटर, विनंतीवरून बदली, पुणे. मी हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्यासोबत शिपाई उभा होता आणि म्हणाला होता, "माने मॅडम, तुम्हाला ठाऊक असंलच की." मी म्हटलं होतं, "हो तर!" आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली होती.

"अकरा वर्षं," मी म्हणते. "अकरा वर्षं शेजारी बसले. माझ्या आईच्या आजारपणात तू माझ्या ड्युट्या केल्यास, तुझ्या भावाच्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले. आणि मला शिपायासमोर कळावं? माझी किंमत एवढीच?"

कुमुद बोलते. ओठ तिचे, आवाज आमच्या दारावर येणाऱ्या भाजीवाल्या शेवंताबाईचा. "भांड की. भांडलीस तर बरं वाटंल. अबोला नको धरू, बया."

"शेवंताबाईच्या तोंडून मला शहाणपण शिकवू नकोस. तुझ्या आवाजात बोल."

"माझा आवाज माझ्याकडं कुठाय?" शेवंताबाईच्याच आवाजात ती म्हणते. "तुझ्याकडं राहिलाय की."

"माझ्याकडे?"

ती हात वर करते. फलाटाच्या टोकाला, जिथून पुण्याची गाडी सुटते तिथे, बोर्ड उभा आहे आणि कोपऱ्यातला दिवा लागलाय. मला पळून जायचंय. खरंच सांगते, स्वप्नातसुद्धा मला आधी स्टँडचं दार दिसतं. तिथून बाहेर पडलं की रिक्षा मिळेल आणि मी घरी जाऊन चहा टाकीन, असा सगळा विचार माझा करून होतो. ज्या गोष्टीपासून मी सदतीस वर्षं पळाले ती ऐकून मी जिवंत कशी राहीन? त्यात मी काय बोलले असेन, ते मला माहीत नाही. माझ्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा, आत्ताही नाही.

"कऱ्हाड, सातारा, मिरज, सांगली, विटा, इस्लामपूर," मी एका दमात म्हणते.

फलाट जातो. पाटी जाते. कुमुदच्या गालावरचा तीळ जातो.

"नको!" मी किंचाळते आणि तिचा हात धरते. हात गार आहे, माठाला हात लावल्यासारखा. वेणीचा पेड फिका होत चाललाय. चेहराही जाणार. आवाज गेला, आता चेहरा नेऊन मी एकटी त्या सहा गावांबरोबर राहणार.

कुमुद माझ्याकडे वाकते. आता ती ऋजुताच्या आवाजात बोलते, अगदी हळू. "आत्या, एक गाव गाळलंस."

मला माहीत आहे कुठलं. सातवी लाईन. आमच्या बोर्डावरची सगळ्यात गडबडीची, सगळ्यात जास्त भांडणं लावणारी लाईन, आणि मी तिचं नाव त्या ओळीत कधी घेतलं नाही.

"पुणे," मी म्हणते.

आम्ही बोर्डाच्या खोलीत आहोत. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालीत, म्हणजे खरं तीन आठ. डावीकडची खुर्ची रिकामी आहे, कारण कुमुद बदलून गेलीय आणि नवीन मुलगी अजून आलेली नाही. खुर्चीवर कुणीतरी तिकिटांचा गठ्ठा ठेवलाय. पुण्याचा दिवा लागलाय. मी हेडफोन चढवते. माझा हात अजिबात म्हातारा नाही, बांगड्या किणकिणतात. मी कॉर्ड उचलते आणि खुपसते.

"हॅलो, ट्रंक."

"सरू, मी बोलतेय."

अगंबाई. असा होता होय! जाडसर. थोडा बसलेला, सकाळी उठल्या उठल्या बोलल्यासारखा, आणि शेवटी किंचित वर जाणारा, म्हणजे पुढे काहीतरी मजा येणार आहे असं वाटावं. मला माहीत होतं की छान होता. पण छान म्हणजे असा, हे कुठे माहीत होतं? माझे डोळे भरून येतात. पण बोर्डावर बसलेली ती एकतीस वर्षांची बाई मी आहे आणि तिचं तोंड माझ्या ताब्यात नाही.

"नंबर सांगा," ती बाई म्हणते. मी म्हणते.

"अगं, मी. कुमुद."

"नंबर सांगा."

लाईनवर क्षणभर खरखर. मग कुमुद हसते. त्या हसण्याचा आवाज येतो, नाकातून सुरू होणारा. "बरं बाई. थांबते मी लाईनवर."

इथेच मी कॉर्ड ओढली, असं मी समजून चालले होते. इतकी वर्षं मी ज्याला आडवा हात घातला ते हेच, की ती थांबते म्हणाली आणि मी कॉर्ड ओढली. मी वाट बघते. हात उचलला जाईल आता. हात उचलला जात नाही. मी तशीच बसलेय, कानात तिचा श्वास. ऐकायची कळ मी उघडीच ठेवलीय. शेजारी सांगलीचा दिवा लागतो, मी घेत नाही. कदम साहेब लांबून बघतात, मी मान खाली घालून तिकिटावर रेघा मारते. बोलत नाही, पण जातही नाही. कळ उघडी असली की लाईनवर एक बारीक पोकळ आवाज येतो. गिऱ्हाइकांना तो कधी कळला नाही. पण पलीकडे गिऱ्हाईक नव्हतं.

"ऐकतेयस तू," कुमुद म्हणते. "ऐक. बोलू नकोस. पुण्याचं पाणी जड आहे गं, तुरीची डाळ शिजतच नाही. वहिनी स्टोव्हला शिव्या घालते. इथं बोर्डावर साठ मुली आहेत. कुणी कुणाचा डबा उघडत नाही. मी एकदा शेजारणीचा उघडला तर बाई घाबरलीच."

तिकिटावर माझ्या रेघा थांबतात.

"खर्डा इथं मिळत नाही. मिळाला तरी आता मला चालत नाही म्हणतात. ते असू दे." खोकला. "सर्दी झालीय ना तुला? नाकानं श्वास घेत नाहीयेस. सुंठ घे. तुला सांगायचं राहिलं ते चुकून नाही राहिलं, सरू. मुद्दाम ठेवलं. सांगितलं असतं तर तू जिन्यात बसून रडली असतीस. आणि तू रडायला लागलीस की माझा पाय निघत नाही, हे तुलाही माहीत आहे. मला निघायला तर पाहिजेच होतं. चिडलीस ते बरं झालं. चिडलेली तू दिसायला बरी दिसतेस."

माझ्या घशात शब्द आलाय. मला आता स्पष्ट कळतंय, तेव्हाही आला होता. साधा शब्द, "बोल". नाही तर "कुमे". ओठांपर्यंत आला होता. मी हेडफोनचा तोंडाजवळचा भाग वर ओढून घेतला होता. बोलणार होते! मी बोलणार होते, देवाशपथ, आणि हे मी स्वतःपासूनच लपवून ठेवलं.

घड्याळाचा काटा सरकतो. पलीकडेही घड्याळ असणार. कुमुदला अकरा वर्षांची सवय, तिला मिनिटं बघावी लागत नाहीत. ती आवाज बदलते, ड्युटीवरचा करते, कापडदुकानवाल्या शहांना लावायची तो, गोड आणि चोख.

"तीन मिनिटं झाली, ऑपरेटर. वाढवायचं का?"

हे वाक्य आम्ही दोघींनी मिळून किती हजार वेळा म्हटलं असेल. पुण्याच्या लाईनवर मागे रांग असायची, म्हणून आमच्याकडे शिस्त अशी, की तीन मिनिटं झाली की हे विचारायचं आणि समोरून ताबडतोब उत्तर आलं नाही तर कॉर्ड ओढायची. विचार करत बसायचं नाही. विचार करणाऱ्या मुलींना मेमो मिळायचा. ती मस्करी करत होती. मला बोलतं करायला बघत होती. माझं तोंड उघडतं, "वा" एवढं बाहेर पडतं, आणि हात गेलेला असतो. हात आधी जातो. कॉर्ड माझ्या मुठीत आहे, वजनानं खाली सरकतेय, आणि पुण्याचा दिवा विझलाय.

रागानं नाही. सवयीनं!

मी त्या एकतीस वर्षांच्या बाईला गदागदा हलवते, "अगं लाव परत, लगेच लाव, ती भावाच्या घरीच बसलीय." ती फोनकडे बघते, साहेबांकडे बघते. सांगलीवाला ओरडतोय. "उद्या लावीन," ती मनात म्हणते. "रात्रभर चडफडू दे तिला जरा." हेही मला ऐकू येतं, हेही माझंच. उद्या लावला नाही. परवाही नाही. बारा दिवस मी मूग गिळून बसले, आणि तेराव्या दिवशी पुण्याच्या एका मुलीनं लाईनवर सांगितलं, "मानेबाई, वाळिंबे गेली हो." म्हणजे गुन्हा तो नव्हताच जो मी समजत होते. तीन मिनिटं मी तिला ऐकलं होतं. माझं चुकलं ते नंतर, त्या बारा दिवसांत.

कुमुद पुन्हा डावीकडच्या खुर्चीत आहे. तीळ जागेवर आहे.

"तुला वाटलं असेल मी तोडला," मी म्हणते.

"येडी आहेस का?" ती तिच्या आवाजात म्हणते. तिच्या आवाजात! "तुझा हात मला माहीत नाही? मी रिसीव्हर ठेवला आणि वहिनीला म्हटलं, बघा, हिचा हात अजून तोंडापेक्षा हुशार आहे."

हे ती खरंच म्हणाली होती का, मला माहीत नाही. त्या वेळी मी तिथे नव्हते. हे आठवणीतलं नाही, हे माझ्या झोपेनं मला दिलंय, एवढं मला झोपेतही कळतं. पण बाकीचं, डाळीचं आणि सुंठीचं आणि दिसायला बरी दिसतेसचं, ते घडलेलं आहे. ते मी कुठेही शपथेवर सांगेन.

"मी फोन केला नाही नंतर," मी म्हणते. "बारा दिवस होते."

कुमुद हे खोडून काढत नाही. मैत्रीण म्हणून खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ती फक्त माझा डबा पुढे ओढते आणि झाकण काढते. खर्ड्याचा वास सुटतो.

"चालतो का आता तुला?"

"आता सगळं चालतं," ती म्हणते आणि बोट चाटते.

बोर्डावर दिवे लागायला लागतात. सातारा, मिरज, सांगली, एकदम सगळे. तिला कामाला लागायला हवं. ती हेडफोन सारखा करते, पाठ ताठ करते. तिचा चेहरा बोर्डाकडे वळतोय, आणि मला माहीत आहे की आता ती माझ्याकडे बघणार नाही, दिवे लागले की आम्ही कुणीच एकमेकींकडे बघायचो नाही. जाता जाता ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते आणि तोच ड्युटीवरचा आवाज काढते.

"वाढवायचं का?"

"वाढवायचं!" मी ओरडते. "हो, वाढवायचं, वाढवायचं!"

"आत्या! अगं आत्या!"

पंखा एकवर फिरतोय. नळ बंद आहे. ऋजुता माझ्या खांद्याला धरून वाकलीय, तिचे हात ओले आहेत. "केवढ्यांदा ओरडलीस! मी दोनदा हाक मारली तर मलाच म्हणालीस, लाईन चालू आहे, मध्ये बोलू नका."

मी उठून बसते. तोंड कोरडं पडलंय, गाल ओले आहेत. बाहेर साड्या अजून तशाच. मला वाटलं होतं तास दोन तास झाले असतील, पण तिची ताटं अजून ओट्यावर निथळतायत. मी काही बोलत नाही. बोलले तर माझाच आवाज माझ्या कानात जाईल, आणि तिथे आत्ता जागा नाही.

"बाई गं, हे काय झालंय?" ऋजुता माझा चेहरा उजेडाकडे वळवते. "डावा कान बघ तुझा."

ती फोनच्या पडद्यात मला दाखवते. कान लालभडक झालाय आणि त्याच्याभोवती वळ उठलाय, पूर्ण गोल, कुणीतरी वाटीचा काठ दाबून धरल्यासारखा. मी हा वळ ओळखते. आठ तासांची ड्युटी करून घरी गेलं की आई या वळाला खोबरेल लावायची. एक्स्चेंज बंद होऊन बोर्ड भंगारात गेला त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्या कानावर काही चढलेलं नाही.

"हातावर कान ठेवून झोपली असशील," ऋजुता म्हणते. "घड्याळ रुतलं असेल."

घड्याळ कपाटावर आहे. जेवायला बसण्याआधी मीच काढून ठेवलंय. ती कपाटाकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि नेहमीसारखं मेंदूविषयी काही सांगत नाही. ती माझ्याजवळ टेकते.

"दुखतंय का?" ती विचारते. "बर्फ लावू?"

"दुखतंय," मी म्हणते. "पण हात नको लावूस. बोलतेय ती अजून."